फोर्ट कोचीतला स्वयंपाकाचा वर्ग आणि मिठाचं पथ्य

तुमच्या घरात मिठाची एक किलोची पिशवी किती दिवस जाते?

पटकन सांगता येत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. वीस वर्षं रुग्णांना "मीठ कमी करा" असं लिहून देणाऱ्या मलाही गेल्या जानेवारीपर्यंत ते सांगता आलं नसतं. हा प्रश्न मला केरळातल्या एका स्वयंपाकघरात विचारला गेला, आणि उत्तर न आल्यामुळे मी तिथेच थोडा ओशाळलो. हा लेख त्या सकाळबद्दल आहे, आणि माझ्याच घरात झालेल्या एका चुकीबद्दलही.

आम्ही मूळचे सिंधुदुर्गातले. २०१७ साली माझ्या बाबांना हार्ट फेल्युअर झालं. म्हणजे हृदय बंद पडलं नव्हतं, तर त्याची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी झाली होती. अशा वेळी शरीरात पाणी साठायला लागतं. पाय सुजतात, आडवं झोपलं की धाप लागते. मीठ या सगळ्यात भर घालतं, कारण मिठातला सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतो. पाणी वाढलं की रक्ताचं आकारमान वाढतं आणि आधीच थकलेल्या हृदयावर जास्त भार येतो. हे मला पाठ होतं. मी आईला सांगितलं, "आजपासून बाबांचं जेवण बिनमिठाचं." आणि दवाखान्यात निघून गेलो.

आई दोन स्वयंपाक करू लागली. आमच्यासाठी नेहमीचा, बाबांसाठी वेगळ्या पातेल्यात अळणी. बाबा पहिले काही दिवस जेवले, मग पान अर्धं टाकू लागले. सहा महिन्यांत त्यांचं वजन सात किलोने उतरलं. मला वाटलं, साठलेलं पाणी कमी होतंय. काही प्रमाणात ते खरंही होतं, पण दंडाचे आणि मांड्यांचे स्नायू झिजताना मला दिसले नाहीत. एका रात्री त्यांना धाप लागली म्हणून भरती करावं लागलं, तेव्हा कळलं की आई दोन दिवस त्यांना उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर भाजलेला खारा बांगडा देत होती. "काहीच खात नव्हते रे," एवढंच ती म्हणाली. मी वॉर्डच्या बाहेर तिच्यावर ओरडलो. २०१९ मध्ये बाबा गेले.

चेचींच्या घरी

कोचीला आम्ही फिरायला गेलो होतो. चिनी जाळी बघून झाली, मट्टांचेरीच्या मसाल्याच्या बाजारातून हिंडून झालं. बायकोने एका घरगुती स्वयंपाकाच्या वर्गात आधीच नाव घालून ठेवलं होतं. मी कुरकुर करत गेलो. तिथे एक फ्रेंच जोडपं, दिल्लीचा एक तरुण आणि आम्ही दोघं, असे पाच विद्यार्थी होतो. शिकवणाऱ्या बाई पासष्टीच्या असाव्यात. सगळे त्यांना "चेची" म्हणत होते. मल्याळममध्ये चेची म्हणजे ताई.

बेत साधा होता: मातीच्या भांड्यातली बांगड्याची आमटी, कोबीचं तोरन आणि मट्टा तांदळाचा भात. बांगड्याला तिथे अयला म्हणतात. चेचींनी मला आलं चिरायला बसवलं. बायकोकडे नारळ खवायचं काम आलं. मट्टा तांदूळ बघताच ती म्हणाली, "अगं बाई, हा तर आपला उकडाच!" जातकुळी एकच आहे. भात सालासकट भिजवून, उकडून, वाळवून मग कांडायचा. उकडताना सालाजवळचं बी-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरतं, त्यामुळे कांडल्यावरही बरंचसं टिकतं. पांढऱ्याशुभ्र पॉलिश केलेल्या तांदळावरच जगणाऱ्यांना बेरीबेरी होते, हा धागा आइकमन या डच डॉक्टरांना जावा बेटावर कोंबड्यांवरून सापडला आणि पुढे १९२९ साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे मात्र उकडा तांदूळ "जाडा" म्हणून मागे पडत चालला आहे.

आमटीसाठी चेचींनी काळ्या, सुकलेल्या, धुराचा वास असलेल्या फोडी पाण्यात भिजत घातल्या. ही कुडमपुळी. आपल्या कोकमाची सख्खी बहीणच. दोन्ही झाडं गार्सिनिया कुळातली. (वजन कमी करायच्या "गार्सिनिया" गोळ्या याच फळापासून काढलेल्या अर्काच्या असतात. त्या घेऊन यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. आमटीतल्या दोन फोडी आणि गोळीतला अर्क यांत फार फरक आहे, तेव्हा गोळ्यांच्या वाटेला जाऊ नका.)

खोबरेल तेलात मोहरी आणि मेथीदाणे तडतडले. मग छोटे कांदे, आलं, लसूण, कढीपत्ता. गॅस अगदी बारीक करून तिखट, धणेपूड, हळद परतली आणि लगेच पाणी आणि कुडमपुळी घातली. उकळी आली तशा चेची माझ्याकडे वळल्या. "तुम्ही डॉक्टर ना? मग मीठ तुम्ही घाला."

मी मिठाची बरणी उघडली आणि थांबलो. आठ माणसांच्या आमटीला किती मीठ लागतं? मला माहीत नव्हतं. अंदाजाने एक मोठा चमचा शीगोशीग भरला. चेचींनी हसून माझा हात धरला आणि मोजमापाचा छोटा चमचा पुढे केला. "सपाट. दीड."

हिशोब करून बघा. एक सपाट चहाचा चमचा म्हणजे साधारण सहा ग्रॅम मीठ. दीड चमचा म्हणजे नऊ ग्रॅम, आठ जणांत वाटलं तर माणशी एक ग्रॅमच्या थोडं वर. तोरनमध्ये अर्धा चमचा. भात बिनमिठाचा. म्हणजे पूर्ण जेवणात माणशी दीड ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, तेही लोणचं, पापड, फरसाण, बिस्किटं, पाव, सगळं धरून. चेचींचं जेवण त्यात आरामात बसत होतं.

मासे सोडल्यावर त्यांनी आमटीत डाव घालू दिला नाही. भांडंच दोन्ही हातांनी धरून गोल हलवलं, म्हणजे तुकडे मोडत नाहीत. शेवटी वरून कढीपत्ता आणि कच्च्या खोबरेल तेलाचे काही थेंब.

जेवायला त्यांचे यजमान आणि सूनही आली. यजमानांची बायपास झालेली, रक्तदाबही होता. सगळ्यांचं तेच जेवण त्यांच्या पानात. मी विचारलं, "यांच्यासाठी वेगळं करत नाही?"

"वेगळं कशाला?" चेची म्हणाल्या. "ऑपरेशननंतर सगळ्यांचंच मीठ कमी केलं. दर महिन्याला पाव चमचा. घरात कोणाला कळलंसुद्धा नाही." मग त्यांनी बरणी फिरवून दाखवली. मागे चिकटपट्टीवर तारीख लिहिली होती. "नवीन पिशवी उघडली की तारीख घालते. तुमच्याकडे किती दिवस जाते?"

आमटी आंबट, तिखट, घमघमीत होती. मीठ कमी आहे हे मला एकदाही जाणवलं नाही. मी दुसऱ्यांदा भात घेतला, आणि मला बाबांचं अर्धं टाकलेलं पान आठवलं. पुढचा घास उतरेना. बायकोने काही न विचारता पाण्याचा पेला पुढे केला.

माझं काय चुकलं?

परत आल्यावर मी हे सगळं नीट मांडून पाहिलं. तुमच्या घरात कोणाला मिठाचं पथ्य असेल तर हा भाग जरूर वाचा.

पहिली चूक: एका दिवसात मीठ बंद केलं. जिभेला कमी मिठाची सवय लागते, पण त्याला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने जातात. हळूहळू कमी केलं तर जीभ बरोबर येते. एकदम तोडलं तर माणूस जेवणच तोडतो.

दुसरी चूक: मीठ काढलं, त्या जागी काही दिलं नाही. आंबटपणा आणि सुवास असला की कमी मीठही पुरेसं वाटतं. आमसूल, लिंबू, आलं, लसूण, मिरी, कढीपत्ता, भाजलेलं खोबरं, तिरफळ, सगळं आमच्या घरात होतं. मी ते कधी सांगितलंच नाही.

तिसरी चूक: "शून्य मीठ" हा आकडाच माझ्या डोक्यातला होता. हार्ट फेल्युअरमध्ये मीठ बेताचं ठेवायचंच, पण ते फार खाली नेल्याने किती फायदा होतो हा प्रश्न उघडा होता. २०२२ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत सोडियम कडकपणे कमी केलेल्या गटात मृत्यू किंवा हृदयासाठी भरती होणं लक्षणीयरीत्या कमी झालं नाही. याचा अर्थ खारा बांगडा चालतो असा नाही! अर्थ एवढाच, की पथ्यापायी रुग्णाचं खाणं तुटत असेल तर आपण एका बाजूने मिळवून दुसऱ्या बाजूने जास्त घालवतो. हृदयाच्या रुग्णाचे स्नायू झिजणं ही मोठी धोक्याची खूण आहे.

चौथी चूक: पथ्य बाबांना दिलं, काम आईला. ते कसं करायचं हे तिला कोणीच शिकवलं नाही.

हे मी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तेव्हा सांगितलं असतंस तर मी केलं असतं की." मी त्या रात्री वॉर्डच्या बाहेर ओरडलो होतो, त्याबद्दल पहिल्यांदाच तिची माफी मागितली.

तुम्ही काय करू शकता?

• मिठाच्या पिशवीवर उघडल्याची तारीख घाला. चार मोठ्या माणसांच्या घरात माणशी ५ ग्रॅम म्हणजे दिवसाला २० ग्रॅम. एक किलो ५० दिवस पुरायला हवं. पंचवीस दिवसांत संपलं तर घरचंच माणशी १० ग्रॅम जातंय, बाहेरचं वेगळं.

• हाताने न घालता सपाट चमच्याने मोजा. दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं कमी करा, आणि सगळ्या घराचं करा.

• भात, पोळी, भाकरी यांत मीठ नको. पानात मीठ वाढायची पद्धत बंद करा.

• लपलेलं मीठ ओळखा: लोणचं, पापड, सुकी मासळी, सांडगी मिरची, फरसाण, सॉस. कोकमाच्या आगळात मीठ असतं, आमसुलालाही बऱ्याचदा लावलेलं असतं. आमसूल धुऊन वापरा आणि आमटीत त्या हिशोबाने मीठ घाला. खायच्या सोड्यातही सोडियमच आहे.

• "सैंधव चालेल ना?" हा प्रश्न मला रोज विचारला जातो. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. त्यात आयोडीन असेलच असंही नाही.

• "लो सोडियम" मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या, हृदयाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते रक्तात धोकादायक प्रमाणात वाढू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

• चेचींची आमटी करून बघाल तर तेल मात्र हात राखून घाला. खोबरेल तेलातलं सुमारे ९० टक्के स्निग्ध हे संपृक्त असतं आणि त्याने एलडीएल कोलेस्टेरॉल वाढतं. चवीपुरते थेंब ठीक.

• रुग्णाची भूक आणि वजन दोन्हींवर लक्ष ठेवा. हार्ट फेल्युअरमध्ये दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय असं समजून लगेच दाखवा. महिनोन्‌महिने वजन उतरत असेल तर तेही सांगा.

आता माझ्या दवाखान्यात रक्तदाबाचा रुग्ण आला की मी विचारतो, "घरी स्वयंपाक कोण करतं?" आणि पुढच्या वेळी त्या व्यक्तीला बरोबर बोलावतो. पाच मिनिटं जास्त जातात.

आमच्या घरात आईचाही रक्तदाब आहे. रविवारची आमटी मी करतो. आई चव घेते आणि दर वेळी म्हणते, "मीठ कमी आहे." पण वरून घेत नाही. बरणीवर ४ मार्च अशी तारीख तिच्याच अक्षरात आहे. आम्ही तिघं आहोत, म्हणजे पिशवी ६६ दिवस जायला हवी. मागची ५१ दिवस गेली होती. तुमची किती दिवस जाते, ते आजच लिहायला सुरुवात करा.