पैनगंगेच्या दोन्ही काठांवर

पैनगंगेच्या दक्षिणेला, वाशीमहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कनेरगाव नाका आहे. नदीपलीकडे वऱ्हाड, अलीकडे मराठवाडा. १८५३ च्या तहाने वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि तेव्हापासून पुढची शंभर वर्षे ही नदी दोन राज्यांची सीमा होती. निजामाच्या हद्दीत शिरणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे जकात, वसूल होई. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि ती सीमा मिटली. उरली ती जिल्ह्यांची रेघ. आज अकोल्याहून नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ येथून जातो, अकोला-पूर्णा रेल्वेमार्गही येथूनच जातो. एसटी थांबते, मालट्रक क्षणभर मंदावतात आणि पुढे निघतात. येणे-जाणे हाच या जागेचा स्वभाव आहे. माणसे, कापूस, सोयाबीन, हळद, गुरे, वाळू असे सगळे येथून सरकत असते, आणि त्या सगळ्यांबरोबर एक मुलूखही सरकत आला आहे. त्याची नोंद कोणत्याही नाक्यावर झाली नाही.

हा मुलूख गाजरगवताचा आहे. मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा प्रदेश हे त्याचे मूळ घर. भारतात ते आयात धान्यातून पसरले असे मानले जाते आणि पुण्यातून त्याची शास्त्रीय नोंद १९५६ मध्ये झाली, म्हणजे पैनगंगेवरची राज्यसीमा मिटली त्याच वर्षी. पुढच्या काही दशकांत ते देशभर पोचले. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणते, कोणी चटक चांदणी. खरे तर ते गवतच नाही, सूर्यफुलाच्या कुळातले एक वर्षायू रोप आहे. कोवळेपणी त्याची पाने गाजराच्या पाल्यासारखी जमिनीलगत चकतीसारखी पसरतात आणि शेजारच्या रोपाला उजेड मिळू देत नाहीत. मग मधून दांडा वर येतो, त्याला फांद्या फुटतात आणि फांद्यांच्या टोकांवर पांढरी बारीक फुले येतात. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलावर येते. एका झाडाला दहा ते पंचवीस हजार बिया धरतात. या बियांना थंडी किंवा उन्हाळा यांची वाट पाहावी लागत नाही, ओल मिळाली की पुरते. त्यामुळे वर्षात तीन-चार पिढ्या सहज उरकतात आणि उरलेले बी मातीत दबून वर्षानुवर्षे जिवंत राहते.

कनेरगावच्या परिसरात ऋतू पिकांनी ओळखले जातात, पण गाजरगवताकडे पाहूनही ते ओळखता येतील. वैशाखात काळ्या रानाला भेगा पडलेल्या असतात, धुऱ्यावरचे कुंदा आणि हराळी वाळून गेलेली असते. तेव्हाही सांडपाण्याच्या नालीकाठी, हातपंपाच्या ओलाव्यावर गाजरगवत हिरवे असते आणि फुललेलेही. मृगाच्या पहिल्या सरीनंतर पेरणीची धांदल सुरू होते. त्याच आठवड्यात रस्त्याच्या भरावावर त्याच्या चकत्या दाट उगवतात. श्रावणात सोयाबीनची डवरणी, निंदणी होते, म्हणून पिकात ते मार खाते. धुरा, पांदण, गायरान आणि गावठाण यांची निंदणी मात्र कोणीच करत नाही. भाद्रपदात या बेवारस पट्ट्या पांढऱ्या होतात. रब्बीत हरभऱ्याला पाणी दिले की वावरातही त्याची नवी पिढी येते.

प्रसाराच्या वाटा माणसाच्याच आहेत. बी हलके असते, तरी वारा त्याला फार दूर नेत नाही. दूर नेतात ती वाहने, पाणी आणि जनावरे. ट्रॅक्टरच्या चाकाला लागलेल्या चिखलातून ते एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जाते. गावोगाव फिरणारे मळणीयंत्र आदल्या खळ्यातला भुसा पुढच्या खळ्यात टाकते. अर्धे कुजलेले शेणखत शेतात पसरले की त्यातले बीही पसरते. बांधकामाची वाळू नदीपात्रातून घरापर्यंत येते, तशी पात्राकाठची बीजेही येतात. पुराचे पाणी ओसरते तेव्हा गाळाच्या थरावर पुढच्या हंगामाची पेरणी आपोआप झालेली असते. म्हणूनच हा मुलूख नकाशावर काढला तर तो गोल डागासारखा नव्हे, रेघांसारखा दिसेल. आधी रस्ता, रूळ, नाला, नदी; मग त्या रेघांपासून दोन्ही बाजूंना सरकणारी कड.

संगणकावरच्या खेळांत जमिनीच्या अशा पालटाचे एक काटेकोर प्रतिरूप आढळते. री-लॉजिक या अमेरिकी कंपनीचा ‘टेरारिया’ हा खेळ मे २०११ मध्ये आला. त्यात चौकोनी ठोकळ्यांचे एक विस्तीर्ण जग असते. खेळाडूने तेथे खोदायचे, बांधायचे, लढायचे. प्रत्येक जगात एक वैरी प्रदेश असतो, जांभळट ‘करप्शन’ किंवा रक्तवर्णी ‘क्रिमसन’. सुरुवातीला तो गवतातून हळूहळू सरकतो. खेळाडूने पाताळातल्या ‘वॉल ऑफ फ्लेश’ या बलाढ्य शत्रूला हरवले की मात्र जग कठीण टप्प्यात जाते. जमिनीला तिरके छेद देणारे नवे पट्टे उमटतात आणि मग दगड, वाळू, बर्फही बाधित होऊ लागतात. बाधित ठोकळा आपल्यापासून तीन ठोकळ्यांच्या आतल्या जमिनीला आपल्यासारखे करू शकतो. खेळाडू जगाच्या दुसऱ्या टोकाला असला तरी ही क्रिया थांबत नाही. खेळातली वनदेवी, ड्रायड, विचारल्यावर जगाचा किती टक्के भाग बाधित झाला ते सांगते.

या रचनेतल्या दोन गोष्टी कनेरगावच्या जमिनीवर जशाच्या तशा दिसतात. एक म्हणजे, प्रसाराला हेतू नसतो, त्याला केवळ शेजार लागतो. गाजरगवत कोणाच्या शेतावर चालून येत नाही. धुऱ्यावर त्याला जागा मिळाली की वावर आपोआप त्याच्या आवाक्यात येते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वैऱ्याचा वेग वाढतो तो माणसाच्या यशानंतर. महामार्ग रुंद झाला, रेल्वे मीटरगेजची ब्रॉडगेज झाली, ही या भागाच्या दृष्टीने मोठीच प्राप्ती. पण त्या कामांसाठी मुरूम खणला जातो, माती एका गावची दुसऱ्या गावी टाकली जाते, जुनी झाडे तोडली जातात आणि लांबच लांब भराव उघडे पडतात. अशी उकरलेली, उघडी, कोणाची नसलेली जमीन गाजरगवताला सर्वांत जास्त मानवते.

याच ठिकाणी खेळ आणि जमीन यांची फारकत होते. टेरारियात बचावाचा रूढ उपाय म्हणजे खंदक. पृष्ठभागापासून पाताळापर्यंत काही ठोकळे रुंदीची उभी चर खणली की वैरी प्रदेश पलीकडे जाऊ शकत नाही. खेळात रिकामी जागा हीच भिंत असते. प्रत्यक्ष जमिनीवर रिकामी जागा हेच दार असते. चर खणली की तिच्या दोन्ही कडांवर पहिल्या पावसात गाजरगवत उगवते. नुसते जाळून किंवा तणनाशक मारून रान उघडे ठेवले, तर दबलेल्या बियांना ऊन मिळते आणि ते पुन्हा उभे राहते. भरघोस गवताच्या कुरणात, दाट सावलीच्या राईत किंवा वेळेवर डवरलेल्या पिकात मात्र त्याचा निभाव कठीण जातो. खेळातही याची एक खूण आहे. सूर्यफूल लावले की त्याच्या मुळाशी असलेल्या गवताला बाधा होत नाही. जमीन वाचवायची तर ती वेगळी काढून नव्हे, जिवंत झाकून वाचवावी लागते, हा धडा त्या छोट्या नियमात आहे.

गाजरगवत या मोहिमेत एकटे नाही. येडी बाभूळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका खंडातून भारतात आणली गेली, ती सरपणासाठी आणि उजाड माळ हिरवे करण्यासाठी. तिच्या गोड शेंगा शेळ्या आणि गुरे आवडीने खातात, टणक बी पोटातून सुखरूप बाहेर पडते आणि शेणातच रुजते. तिच्यामुळे काय होऊ शकते हे कच्छच्या बन्नी कुरणात दिसते. तेथे १९६० च्या दशकात लावलेल्या या झाडाने एका मोठ्या गवताळ प्रदेशाचे काटेरी रान केले. नाल्याकाठी बेशरम आहे. त्याला बियांचीही गरज नसते. तुटलेली फांदी चिखलात पडली तरी मुळे धरते. रस्त्यांच्या खड्ड्यांत बेशरमाची झाडे लावून निषेध करण्याची या भागातली रीत त्याच्या चिवटपणावरच उभी आहे. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, कारण ते विषारी असते.

या मुलुखाची किंमत माणसे आणि जनावरे मोजतात. गाजरगवतातल्या पार्थेनिन या द्रव्याने कातडीला दाह होतो. चेहरा, पापण्या, मान, कोपराची लवण अशा उघड्या जागी खाज सुटते, पुरळ उठते, कातडी जाड होत जाते. परागकणांनी शिंका आणि दम्याचा त्रास वाढतो. निंदणीला जाणाऱ्या बायांच्या वाट्याला हे सर्वांत आधी येते. जनावरांनी चाऱ्यात ते खाल्ले तर दूध कडवट होते. गायरान त्याने भरले की चरायला जागा उरत नाही, आणि ज्यांच्याकडे जमीन नाही पण दोन शेळ्या आहेत, त्यांचे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

उपाय माहीत आहेत आणि ते अवघड नाहीत. मेक्सिकोतून आणलेला झायगोग्रामा हा भुंगेरा १९८४ मध्ये बेंगळुरूजवळ प्रथम सोडला गेला. तो आणि त्याच्या अळ्या गाजरगवताची पाने खातात. पावसाळ्यात त्याचे काम जोरात चालते, हिवाळ्यात तो मातीत दडून बसतो. म्हणून एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. पावसाच्या तोंडावर पडीक जागी तरोट्याचे बी फेकले तर तो दाट उगवून गाजरगवताला दडपतो, आणि त्याच्या कोवळ्या पानांची भाजीही होते. जबलपूरचे तण संशोधन संचालनालय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजरगवत जागृती सप्ताह पाळते. हा काळ अचूक निवडलेला आहे. तेव्हा जमीन ओली असते आणि रोप मुळासकट निघते. हातमोजे घालून, फुले येण्याआधी उपटून ते खड्ड्यात कुजवले तर त्याचे खत होते. फुलांनंतर उपटून रस्त्यावर फेकले तर ती पेरणी ठरते.

उपटणे हे अर्धेच काम आहे. मोकळ्या झालेल्या जागी लगेच काहीतरी लावले पाहिजे. धुऱ्यावर गवत, पांदणीला निंब आणि करंज, गायरानात मारवेल, भरावावर तरोटा. रस्ता आणि रेल्वे यांची कामे करणाऱ्यांनी उघडा टाकलेला भराव पहिल्या पावसाआधी हिरवा करणे हा कामाचाच भाग मानायला हवा. आणि हे कनेरगाव नाक्याने एकट्याने करून भागणार नाही. पुराचे पाणी जिल्ह्याची रेघ पाहत नाही, आणि हिंगोलीच्या काठावर केलेले निर्मूलन वाशीमच्या काठावर झाले नाही तर ते एका पावसाळ्यापुरतेच टिकते. पैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या ग्रामपंचायतींनी ऑगस्टचा तो एक आठवडा एकत्र ठरवून घ्यावा आणि सलग काही वर्षे पाळावा.