जुंपून पाहिल्याशिवाय

वडील घोडेगावच्या बाजारात बैल घ्यायला जात, तेव्हा मी सोबत असायचो. ते दात बघत, खूर बघत. पण भाव बोलायचे ते जोडी गाडीला जुंपून चार पावलं चालवल्यावरच. सावेडीत संगणक जोडून देण्याचं काम करताना मला ही रीत उशिरा आठवली.

2007 पर्यंत मीही गिगाहर्ट्झ बघूनच मोल सांगत असे. राहुरीकडचे एक लग्नपत्रिका छापणारे गृहस्थ तेव्हा दुकानात आले. त्यांना तीन गिगाहर्ट्झचाच प्रोसेसर हवा होता. टेबलावर पेंटियम फोर 630 होता, तीन गिगाहर्ट्झचा. शेजारी नवा आलेला, स्वस्त, दोन कोरचा पेंटियम ड्युअल-कोर ई2160 होता, फक्त 1.8 चा. त्यांचीच कोरलड्रॉची फाइल मी दोन्हीकडे उघडली. कमी आकड्याचा पुढे निघाला. गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले आणि मी पडद्याकडे.

कारण नंतर वाचून समजलं. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती ठोके पडतात एवढंच. एका ठोक्यात काम किती उरकतं ते त्यात येत नाही. त्या पेंटियम फोरमध्ये एक सूचना 31 टप्प्यांतून जायची. पुढे काय लागेल याचा अंदाज चुकला, की अर्धवट झालेलं सगळं टाकून पुन्हा सुरुवात. ई2160 ची रचना 14 टप्प्यांच्या आसपासची, म्हणून अंदाज चुकल्याची किंमत कमी. शिवाय त्याची उष्णतेची मर्यादा 65 वॅट, पेंटियम फोरची 84. भारनियमनाच्या त्या दिवसांत यूपीएसवर चालणाऱ्या दुकानदाराला हा फरक कळत होता. त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाला सांगू लागलो, तुमचं रोजचं काम पेनड्राइव्हवर घेऊन या.

दोन कोरचा सर्वांत मनाजोगता प्रोसेसर हाती आला तो 2017 च्या सुरुवातीला : पेंटियम जी4560. दोन कोर आणि चार थ्रेड. थ्रेड म्हणजे काय, हे मी भाकरीवरून सांगतो. कोर म्हणजे तवा, थ्रेड म्हणजे भाकरी करणारी. तवा एक, करणाऱ्या दोघी. एकीची भाकरी थापून होईपर्यंत दुसरीची भाजून निघते. तवा रिकामा तापत नाही. पण दोघींच्या भाकऱ्या एकदम तयार झाल्या, तर एकीला थांबावंच लागतं, कारण तवा वाढलेला नसतो. म्हणून चार थ्रेडना कुणी चार कोर म्हटलं, तर मी तिथेच थांबवतो.

त्याच्या वरच्या पायरीवर कोर आय3-7100 होता. त्यातही दोन कोर, चार थ्रेड, तीच 3 एमबीची कॅश. वेग 3.5 ऐवजी 3.9, ग्राफिक्स जरा सरस, आणि मोठ्या आकडेमोडीसाठी लागणाऱ्या एव्हीएक्स सूचना पेंटियममध्ये नव्हत्या त्या यात होत्या. कंपनीची जाहीर किंमत मात्र एकाची 64 डॉलर, दुसऱ्याची 117. पारनेर तालुक्यातल्या एका सेतू केंद्रासाठी यंत्र जोडायचं होतं. दाखल्याचे अर्ज, स्कॅनिंग, सातबाराच्या प्रती, ब्राउझरच्या दहा खिडक्या. तिथे एव्हीएक्सला काम नव्हतं. मी पेंटियम घेतला आणि वाचलेल्या पैशांत चारऐवजी आठ जीबी रॅम आणि हार्डडिस्कऐवजी एसएसडी बसवली.

नंतर एका सकाळी तिथे जाऊन बसलो. खिडकीबाहेर शेतावरून आलेली माणसं होती. दाखल्यासाठी आलेल्याची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. त्यांच्या रांगेत यंत्रामुळे कोण किती ताटकळतं, तेवढंच मी बघत होतो. कुठे सर्व्हरची वाट होती, कुठे स्कॅनरची, प्रोसेसरची नव्हती. त्याच सुमारास लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्या एका तरुणाने हाच प्रोसेसर मागितला. मी दिला नाही. व्हिडिओ तयार करताना सगळे कोर तासन् तास राबतात; तिथे खरे चार तवे लागतात. स्वस्त वस्तू चुकीच्या हाती दिली, तर तीच सगळ्यात महाग पडते.

ते सेतूचं यंत्र आठ वर्षं चाललं. विंडोज 11 साठी इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर लागतात. हा सातव्या पिढीचा. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ला नियमित सुरक्षा-दुरुस्त्या मिळणं थांबलं. लोकांचे आधार क्रमांक ज्या यंत्रावरून जातात, ते तसंच चालू ठेवू नका, असं मी केंद्रचालकांना स्पष्ट सांगितलं. प्रोसेसर मात्र अजून ठणठणीत होता. इंटरनेटची तार काढून आम्ही ते आतल्या टेबलावर ठेवलं, अर्जांचे मसुदे टाइप करायला. मग त्यांनी विचारलं, नवा कोणता घेऊ?

मी खुर्ची ओढली आणि खिडकीजवळ बसलो. बाहेर अकरा माणसं होती.