पाकटाचे दर्शन
(नागपूर ते मालवण : प्रवासाची दैनंदिनी, लेखांक दुसरा)

१२ डिसेंबर, मालवण

नागपूरच्या थंडीत बांधलेली संत्र्यांची करंडी सांभाळीत कुडाळ स्थानकावर उतरलो आणि रात्री मालवणास पोहोचलो, येथवरची हकीकत मागील लेखांकात आलीच आहे. आज पहाटे किनाऱ्यावर गेलो तेव्हा रापण ओढण्याचे काम चालू होते. दोन्ही दोरांवर माणसे टाचा वाळूत रोवून एका लयीत मागे सरत होती. जाळे काठाला लागले तेव्हा बांगड्यांच्या आणि तारल्यांच्या चमचमत्या राशीत एक चपटा, तपकिरी, ताटाएवढा जीव निपचित पडलेला दिसला. ते पाकट. एका वृद्ध रापणकराने त्याच्या शेपटीवरील विषारी काटा आधी छाटून टाकला आणि मगच भोवतालच्या मुलांना पुढे येऊ दिले.

ज्या मांटा नामक महाकाय माशाच्या चित्रांनी मला समुद्राची ओढ लावली, ज्याच्या पंखांचा विस्तार सात मीटरपर्यंत जातो, ज्याच्या शेपटीला नांगी नसते आणि जो तोंड उघडून पाण्यातील सूक्ष्म जीव गाळीत संथपणे विहरतो, तो या पाकटाचाच भाऊबंद आहे, दोघांच्याही अंगात हाडाऐवजी कूर्चा असते, हे मी वाचले होते. तथापि वाळूत पडलेल्या त्या मलूल गोळ्याकडे पाहताना ते नाते मनाला पटेना.

१३ डिसेंबर, कुरटे बेटाभोवती

सकाळी धक्क्यावरून होडीने निघालो. शिवछत्रपतींनी १६६४ साली ज्याची पायाभरणी केली, ज्याच्या पायात शिसे ओतले आणि ज्याच्या पोटात, चोहोकडे खारे पाणी असता, दूधबाव, साखरबाव व दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आजही आहेत, तो सिंधुदुर्ग समोर वाढत वाढत आला. तटाला वळसा घालून नावाड्याने नांगर टाकला, डोळ्यांवर काच चढवून दिली, तोंडात नळी दिली आणि आधी काठाला धरूनच श्वास घेण्याचा सराव करावयास लावला.

मी पोहणे शिकलो ते विहिरीत. पाणी म्हणजे तळ न दिसणारा काळोख, हीच माझी बालपणापासूनची समजूत. येथे मान खाली घातली मात्र, आणि त्या समजुतीचा पायाच ढासळला. हिरवट उजेडात प्रवाळांचे मेंदूसारख्या वळ्यांचे गोल दगड, त्यांच्या फटींतून येजा करणारे काळ्या पट्ट्यांचे मासे आणि त्यांपलीकडे स्वच्छ वाळूचे अंगण, असे एक वसते गावच खाली पसरले होते. शेजारच्या होडीतून कोणी पावाचे तुकडे टाकले, तशी माशांची झुंबड उडाली. त्या होडीतला एक पाहुणा दम लागून थेट प्रवाळावर पाय देऊन उभा राहिला. तो दगड नव्हे, शेकडो सूक्ष्म जीवांनी वर्षानुवर्षे रचलेले घर आहे, हे त्यास कोणी सांगितलेच नव्हते.

आमचा नावाडी आम्हांस दूर घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, “काकानु, पाय हलवू नकात, ता आपल्या वाटेन जायत.” मी पाहू लागलो, तर वाळूत केवळ दोन डोळे होते. मग वाळूच उठली. तिच्यातून एक देह मोकळा झाला, त्याच्या कडा लाटेसारख्या पुढून मागे वळत गेल्या, आणि पाकट कोणताही गाजावाजा न करता निळ्या धूसरतेत निघून गेले. ते पोहत नव्हते, उडत होते. कालच्या मलूल गोळ्याचे पंख मला आज दिसले आणि मांटाशी त्याचे नाते त्या क्षणी पटले.

१४ डिसेंबर, मालवण

काल रात्री बराच वेळ जागा होतो. आम्हां नागपूरकरांस अरण्याची रीत ठाऊक आहे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तेथे गाडीतून उतरू नये, जनावरास खाऊ घालू नये, वाघाने वाट ओलांडेपर्यंत स्वस्थ बसावे, हे आमची लेकरेही जाणतात. मालवणचा हा समुद्रही १९८७ पासून शासनदप्तरी अभयारण्यच आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचे. परंतु पाण्याला कुंपण दिसत नाही, म्हणून की काय, त्यात शिरताना आपण अरण्याची रीत काठावरच ठेवून जातो. मालदीवमधील हनिफारूच्या उपसागरात, जेथे नैर्ऋत्य मान्सूनच्या दिवसांत मांटांचे थवे जमतात, तेथे पाठीवर हवेची टाकी बांधून उतरण्यास मनाई आहे. पाहुण्याने नळी लावून पृष्ठभागावरूनच पाहावे, असा दंडक आहे. जी मादी दोन-दोन, तीन-तीन वर्षांनी एकच पिलू देते, तिच्या वंशाचे जतन अशाच बंदोबस्ताने होणार.

रापणकराच्या जाळ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार मला नाही. तो त्याचा संसार आहे. प्रश्न आम्हां पाहुण्यांचा आहे. म्हणून संत्री नावाड्याच्या घरी देताना मी त्याला एवढेच सांगितले, की जे वाक्य तू मला पाण्यात सांगितलेस, ते होडी सुटण्यापूर्वी प्रत्येक उतारूस सांगत जा.

आज पहाटे पुन्हा रापणीवर गेलो. जाळ्यात एक लहान पाकट होते. त्याच्या वाळलेल्या कडांकडे पाहिले, आणि वाळूवरही मला पंखच दिसले.

पुढील मुक्काम विजयदुर्ग.