वीज गेल्यावर लोधीखेड्यात

नागपूरहून छिंदवाड्याकडे निघालं की सावनेरच्या पुढे महाराष्ट्र संपतो. मराठी मात्र पुढे सौंसर, पांढुर्ण्यापर्यंत चालूच राहते. त्या पट्ट्यात लोधीखेडा आहे, माझं आजोळ. पाट्या हिंदीत, ओसरीवरच्या गप्पा मराठीत, गावाबाहेर कापूस आणि संत्री. पूर्वी इथून नॅरोगेजची गाडी जायची, आता ब्रॉडगेज झाली. २०२३ साली पांढुर्णा नवा जिल्हा झाला आणि गावाचा पत्ताही बदलला. ‘इथं पाहाले काय आहे बाप्पा?’ असं मामाच विचारतात. पाहायला खरंच फारसं नाही. ऐकायला मात्र खूप आहे, आणि मी गेली काही वर्षं त्यासाठीच तिथे जातो.

मी ‘हॅम’ आहे, म्हणजे परवाना घेतलेला हौशी रेडिओचालक. परीक्षा देऊन केंद्र सरकारचा परवाना मिळतो आणि ‘व्हीयू’ने सुरू होणारं स्वतःचं कॉलसाइन मिळतं. ते घेऊन जगातल्या कुठल्याही हॅमशी बोलता येतं. मध्ये ना इंटरनेट लागतं ना मोबाइल कंपनी. माझ्या परवान्यावर बंगळूरचा पत्ता आहे, त्यामुळे लोधीखेड्यात मी बोलत नाही, फक्त ऐकतो. गंमत अशी की बंगळूरला बोलायची परवानगी आहे, पण ऐकू काहीच येत नाही. एलईडी दिवे, चार्जर, लिफ्ट, इन्व्हर्टर, शेजाऱ्यांचे राउटर, सगळ्यांची मिळून एक अखंड घरघर असते. दूरचा क्षीण आवाज तिच्यात बुडून जातो.

हा छंद घरात कुठून आला, हे आजीच्या रेडिओकडे पाहिलं की कळतं. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ला सुरू झालं. तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती आणि छिंदवाडा जिल्हा त्याच प्रांतात होता. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, लोधीखेडा मध्य प्रदेशात राहिलं. कचेरीची भाषा बदलली. पण नागपूरची मीडियमवेव्ह लहर जमिनीला धरून चालते, तिला नाक्यावर थांबावं लागत नाही. ५८५ किलोहर्ट्झवरचं नागपूर इथे शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं यायचं. मराठी बातम्या, शेतीच्या गप्पा, नाट्यगीतं. आजीला हिंदी उत्तम यायचं, तरी बातमी मराठीत ऐकल्याशिवाय तिला ती खरी वाटायची नाही. परगावी, परदेशी वाढलेल्या आपल्या मंडळातल्या मुलांना हे लगेच समजेल.

नागपूरचं आणखी एक दणकट केंद्र होतं, १५६६ किलोहर्ट्झचं, १००० किलोवॉटचं. १९८८मध्ये सुरू झालेली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी त्यावरून रात्रभर चालायची, आणि युरोपातले हौशी श्रोते ती पकडल्याच्या नोंदी अभिमानाने ठेवायचे. ती वाहिनी आता बंद झाली. बंद होण्याचं मला दुःख आहे, पण त्याहून जास्त आश्चर्य याचं वाटतं की माझ्या वयाच्या कुणालाही तिची आठवण नाही.

मीडियमवेव्ह आणि हॅमचे ८० किंवा १६० मीटरचे खालचे बँड रात्रीच दूरवर का जातात, याचं कारण वर आहे. दिवसा आयनांबराचा खालचा थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि वरच्या थरावर आपटून लहरी हजारो किलोमीटर पलीकडे उतरतात. संत्र्याच्या बागेत संध्याकाळी वायर टांगून बसलं की ४० मीटरवर आधी इंडोनेशियातली मंडळी येतात, मग रशिया, मग इटली. मधेच लष्करी रडारची खरखर सगळ्यांना झाकून टाकते. हा त्रास जुनाच आहे: १९७६पासून दशकभराहून अधिक काळ सोव्हिएत रडारची टकटक जगभर ऐकू यायची आणि हॅम तिला ‘सुतारपक्षी’ म्हणायचे.

यापेक्षा विलक्षण आवाज फार खाली, काही किलोहर्ट्झवर असतात. त्यासाठी रेडिओही लागत नाही. दोनतीन मीटर वायर, घरी जोडलेला छोटा अॅम्प्लिफायर आणि लॅपटॉपचं साउंड कार्ड पुरे. अडचण एकच, विजेच्या तारांची ५० हर्ट्झची घूं घूं. गेल्या मार्चमध्ये मी शेतात बसलो असताना वीज गेली. गावाने एक सुस्कारा टाकला आणि माझ्या हेडफोनमध्ये एकदम जागा झाली. आधी चुरमुरे फुटल्यासारखं, म्हणजे दूरदूरच्या विजांचं तडतडणं. मग त्यात पक्ष्याच्या पिलासारखं ट्यूं, ट्यूं. याला ‘ट्वीक’ म्हणतात. मामा बॅटरी घेऊन आले. ‘काऊन रे, अंधारात वायर कायले बांधून राहिला?’ मी हेडफोन दिला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘हे कुठलं पाखरू होय?’

ते पाखरू म्हणजे शेकडो, कधी हजारो किलोमीटरवर पडलेली वीज. तिची लहर जमीन आणि आयनांबराचा तळ यांच्यामध्ये टप्पे खात येते आणि साधारण १७०० हर्ट्झपाशी रेंगाळते, कारण त्याहून लांब लहर या मजल्यात तशी उभी मावत नाही. हिशेब पाटीवर होतो. सेकंदाला ३ लाख किलोमीटर भागिले १७०० म्हणजे सुमारे १७६ किलोमीटर; त्याचं निम्मं ८८. त्या रात्री लोधीखेड्याच्या डोक्यावरचं छत ८८ किलोमीटरवर होतं. मामांनी तो आकडा दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीत सांगितला.

त्याच रेकॉर्डिंगच्या आलेखात १८.२ किलोहर्ट्झवर एक सरळ रेघ होती. ती तमिळनाडूतल्या विजयनारायणमच्या नौदल केंद्राची, इथून सुमारे दीड हजार किलोमीटरवरची. इतक्या खालच्या लहरी समुद्राच्या पाण्यात थोड्या खोल शिरतात, म्हणून पाणबुड्यांना संदेश द्यायला त्या वापरतात. समुद्र न पाहिलेल्या गावात पाणबुडीची हाक पोचते, याचं मला अजून नवल वाटतं.

पण ही शांतता टिकेलसं वाटत नाही. शेजारच्या शेतात सौर पंप बसला, त्याच्या कंट्रोलरने दिवसाचा ४० मीटर बँड खाल्ला. रस्त्यावर एलईडी दिवे आले, त्यांतले काही स्वस्तातले, भयंकर बोंबलणारे. आता कुणाला सांगणार की दिवा नको? आजीने कंदिलाखाली कापूस वेचून ठेवलाय. उजेडाच्या विरोधात बोलायला माझी जीभ रेटत नाही. चांगला फिल्टर लावलेले दिवे मिळतात, एवढं मात्र ग्रामस्थांना सांगतो. आणि दर खेपेला रेकॉर्डिंग करून ठेवतो, तारीख-वेळ घालून, अगदी काही विशेष नसलं तरी.

तुमच्या गावी जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा; पावसाळ्यापेक्षा तेव्हा विजांचा गोंगाट कमी असतो. ऐकण्यासाठी हॅमचा परवाना लागत नाही. मी या हिवाळ्यात १६० मीटरची वायर बांधणार आहे. कडुनिंबापासून विहिरीपर्यंत ४० मीटर मोजून झालेत. मामांची परवानगी मिळाली आहे, अट एकच: संत्र्याच्या झाडांवर शिडी टेकवायची नाही.