सुपाकडे गेलेला हात

चिपळूणजवळच्या आमच्या घरात माणूस भिंतीवर जायचा तो वारल्यावरच. ओटीवर तसबिरींची एक रांग होती. सुरुवातीला रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी, मग पणजोबा, आजोबा, शेवटी मोठी काकू. राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. त्या छापखान्यामुळे देव घरोघरी काचेआड आले, आणि घरातली गेलेली माणसं त्यांच्या शेजारी जाऊन बसली. तसबिरी वरून पुढे झुकलेल्या, खाली लाकडी पट्टीवर टेकलेल्या. मागच्या फटीत चिमण्या घरटं करायच्या. आजी खाली पडलेल्या काड्या रोज केरसुणीने गोळा करायची, पण पिल्लं उडून जाईपर्यंत तसबिरीला कोणाला हात लावू द्यायची नाही.

मोठ्या काकूचा एकटीचा फोटो कधी काढलाच नव्हता. एका लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिला वेगळं काढून स्टुडिओवाल्याने मोठं करून दिलं होतं. मागची माणसं रंगाने बुजवली, ओठांवर ब्रशने फिकट गुलाबी रंग चढवला. मात्र तिच्या डाव्या खांद्यावर चार बोटं तशीच राहिली होती. ती आत्याची, असं आई सांगायची. लहानपणी मी काकूच्या चेहऱ्यापेक्षा त्या बोटांकडेच जास्त वेळ बघत बसायचे. आत्या कुठे गेली, हा प्रश्न मला पडायचा.

पुढे छत्तीस फोटोंचा रोल आला, पोस्टकार्ड साइजचे फोटो आले, अल्बम आले. भिंतीवर मात्र जिवंत माणूस काही आला नाही, अपवाद फक्त आई-अण्णांच्या लग्नाच्या फोटोचा. तो फोटो थेट काचेला लावून फ्रेम केलेला होता. कोकणातल्या पावसाळ्याने कागद फुगला आणि आईची अर्धी साडी काचेला चिकटली. काढायला गेलो तर वरचा थरच सुटून आला. फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंट का घालतात, हे मला तेव्हा कळलं. बोटभर जाडीचाही नसतो तो पुठ्ठा, पण तेवढी हवा मध्ये राहिली की फोटो वाचतो.

2019 साली अण्णा गेले. तोवर फोन आणि कॉम्प्युटर मिळून आमच्याकडे हजारो फोटो होते. तेराव्याच्या आत एक फोटो लावायचा होता आणि त्या हजारांत अण्णा नीट असे कुठेच सापडेनात. एकतर ते फोटो काढणारे, नाहीतर कडेला उभे. शेवटी व्हॉट्सॲपवर आलेला एक ग्रुप फोटो सापडला. त्यात ते मनापासून हसत होते. स्टुडिओत तो पडद्यावर मोठा केला तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले. चेहरा रुंदीला जेमतेम शंभर ठिपक्यांचा होता. 1975 साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, त्याचं अख्खं चित्रच शंभर गुणिले शंभर ठिपक्यांचं होतं आणि ते कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागायचे, असं नंतर कधीतरी वाचलं, तेव्हा मला अण्णांचा तोच चेहरा आठवला.

स्टुडिओतल्या मुलाने सॉफ्टवेअर वापरून फोटो साफ करून दिला. एकदम स्वच्छ. पण कपाळावरची आंब्याच्या झाडावरून पडल्याची खोक गेली होती, आणि डोळे दुसऱ्याच कोणाचे तरी होते. पाहणाऱ्यांना ते अण्णाच वाटले. मला आणि आईला वाटले नाहीत. मी तो फोटो घेतला नाही. ज्या भाच्याने तो काढला होता त्याच्याकडून मूळ फाइल मागवली, फोटो म्हणून नाही तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितली. त्यात खोक होती. चेहरा थोडा मऊ आला, पण तो अण्णांचा होता. फोटो तेवढाच मोठा करावा, जेवढा त्यात माणूस शिल्लक राहतो, हे माझं मत त्या दिवशी पक्कं झालं.

आणि दुसरं एक. आई असताना तिचा फोटो लावायचा.

आई म्हणाली, "माझा कशाला गं भिंतीवर? मी आहे की अजून." मी म्हटलं, "म्हणूनच."

फोटो मे 2023चा आहे. मागीलदारी आमसुलं वाळत घातलेली, आई सूप घेऊन बसलेली, बोटं रसाने लाल, नजर सुपावर. खालच्या कडेतून माझ्या मुलीचा हात सुपाकडे गेलेला. फोनचा फोटो 4000 गुणिले 3000 ठिपक्यांचा. 16 इंचांवर पसरला की इंचाला 250 ठिपके येतात, तेवढे पुरतात. आधी पोस्टकार्ड साइजची एक कॉपी काढून पाहिली. पडद्याला स्वतःचा उजेड असतो, कागदाला खोलीतल्या उजेडावर दिसायचं असतं, त्यामुळे आमसुलं जवळजवळ काळी आली होती. थोडा उजळ करून घेतला. समोर खिडकी म्हणून कागद मॅट घेतला.

फ्रेमवाल्याकडे तयार फ्रेम 12 बाय 18ची होती, स्वस्तही होती. "खालून दीडेक इंच जाईल फक्त," तो म्हणाला. फोटोवर पट्टी ठेवून त्याने दाखवलं. मुलीचं मनगट गेलं, कोपर गेलं, सुपाच्या कडेवर नुसती बोटं राहिली. मी पट्टी उचलली आणि 12 बाय 16चीच करून द्या म्हटलं. सागवानी पट्टी, दोन इंची पांढरं माउंट, काच. आठ दिवस लागले.

ओटीवरच्या रांगेत तो लावला नाही. पावसाच्या बाजूच्या भिंतीला ओल येते, तीही नको होती. माजघरात, आईच्या पलंगावरून दिसेल असा खिळा ठोकला. आईने फ्रेम आधी मांडीवर घेतली. चष्मा लावून बराच वेळ पाहिलं, मग मला ती पालथी करायला लावली. पेन्सिल मागितली आणि मागच्या हार्डबोर्डवर हळूहळू लिहिलं: आमसुलं, मे 2023. त्याखाली "हात" असं लिहून पुढे नातीचं नाव घातलं.