आपल्याच कापसाची चादर

स्मरणिकेसाठी शाळेच्या जडणघडणीविषयी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने कळविले होते. जडणघडणीविषयी माझ्याहून अधिकारी व्यक्ती या अंकात लिहीतच आहेत. मी वसतिगृहाच्या चादरींविषयी लिहिणार आहे. विषय लहान वाटेल. परंतु गेल्या हिवाळ्यात या चादरींनी मला बाबासाहेबांचा अर्थशास्त्रावरचा ग्रंथ पुन्हा उघडायला लावला, आणि इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला एका कापूस वेचणाऱ्या बाईसमोर निरुत्तर व्हावे लागले.

२०२५ च्या दिवाळीनंतरची पालकसभा. वसतिगृहातल्या ११८ मुलामुलींसाठी पांघरुणे घ्यायची होती. अधीक्षकांनी दोन नमुने टेबलावर ठेवले. एक मऊ, रंगीत, पॉलिस्टरचे ब्लँकेट. चीनमधून आलेले, किंमत २६० रुपये. दुसरी सोलापुरी चादर, सुती, वजनदार. किंमत ५८० रुपये. नगामागे फरक ३२० रुपयांचा, एकूण ३७,७६० रुपयांचा. आपल्या संस्थेत ही रक्कम लहान नाही. तेवढ्यात ग्रंथालयाचे वर्षभराचे काम भागते.

मी चादरीच्या बाजूने बोलायला उभा राहिलो. आपला तालुका कापसाचा. झरी जामणीपासून वणीपर्यंत काळ्या मातीत पऱ्हाटीच उभी असते, मुकुटबनच्या आसपासची जिनिंगची धुराडी आपल्याला परिचित आहेत. या सभेत बसलेल्या बहुतेकांच्या घरात कापूस पिकतो किंवा कापसाची मजुरी येते. मग आपल्या मुलांनी परक्या देशातले प्लॅस्टिकचे धागे का पांघरावेत? चार पैसे जास्त गेले तरी ते आपल्याच माणसांकडे जातील. बोलणे बरे झाले असे मला वाटले. टाळ्याही पडल्या.

तेव्हा मागच्या रांगेतून सातवीतल्या एका मुलीची आई उठली. म्हणाली, "सर, कापूस आमचा. येचला आमी. मंग त्याची चादर आमालेच कायले महाग पडते?"

मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आता आठवत नाही, यावरूनच ते कसे असेल ते कळावे.

स्वदेशी मालासाठी जास्त पैसे मोजावेत, हे आवाहन आपल्याकडे नवे नाही. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ते त्यागाची गोष्ट म्हणून येते. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला गांधीजींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची मोठी होळी झाली. ती शिकवताना मी बरीच वर्षे पुस्तकात आहे तेवढेच सांगत असे. पुढे लक्षात आले, की त्या काळात बाबासाहेब लंडनमध्ये शिकत होते आणि त्याच परळच्या बीआयटी चाळीत रमाई एकेक पैसा मोजत संसार ओढत होत्या. कापड जाळणे हा ज्याच्या घरी दुसरे कापड आहे त्याचा त्याग असतो. रवींद्रनाथांनीही या होळ्यांना विरोध केला होता. त्यांच्या 'घरे बाइरे' या कादंबरीत स्वस्त विलायती कापड विकून पोट भरणाऱ्या पंचूवर स्वदेशीचा बडगा येतो, तो काही उगाच नव्हे.

दुसरी गोष्ट आपल्या समाजाच्या अधिक जवळची. स्वदेशीच्या काळात ज्या मुंबईच्या गिरण्यांचे कापड घ्या म्हणून सांगितले जात होते, त्या गिरण्यांच्या विणाई खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि आपल्या माणसाच्या ओठाला लागलेला धोटा इतरांना चालत नसे. जास्त मजुरी विणाईतच होती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. आणि नागपूरकडच्या महारांमध्ये जाडेभरडे कापड विणणे हा एके काळी घरोघरचा धंदा होता! गिरण्यांच्या स्वस्त कापडाने त्या मागाची जागा हिरावून घेतली. म्हणजे स्वस्त कापडामुळे माग गेला तो आमचा, आणि देशी गिरणी उभी राहिली तेव्हा तिच्या मागावर जागा नाकारली गेली तीही आम्हालाच.

म्हणून स्वदेशी हा शब्द ऐकला की माझ्या पिढीच्या आंबेडकरी माणसाच्या मनात थोडी शंका येते. ती अस्थानी नाही. पण नुसती शंका घेऊन थांबणेही बरोबर नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये स्पष्ट लिहिले आहे, की विलायतेतला यंत्रावरचा माल येथे स्वस्तात येऊ लागल्याने कोष्टी, साळी यांच्यासारखे कारागीर उपाशी मरू लागले. जोतीरावांना देशी सावकाराचे आणि भटशाहीचे प्रेम होते असे कोणी म्हणणार नाही. तरी स्वस्त आयातीने कोणाच्या चुलीवर पाणी पडते, हे त्यांनी पाहिले होते.

त्या सभेच्या रात्री मी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' काढून बसलो. १९२३ चा हा ग्रंथ आपल्या घरांतून पूजेला असतो, वाचायला क्वचित. त्यात बाबासाहेबांपुढे एक दावा होता. रुपयाचा विनिमय दर उतरला तर निर्यात वाढते, उद्योगांना फायदा होतो, म्हणून ते देशाच्या हिताचे आहे, असे त्या वेळचे व्यापारी म्हणत. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा येतो कोठून? तो बाहेरून देशात येत नाही. रुपया उतरला की भाव चढतात आणि मजुरी मागे राहते. निर्यात करणाऱ्याला मिळणारा लाभ हा याच देशातल्या मजुराच्या ताटातून उचललेला असतो. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांचा रोख हाच होता. 'देश' म्हणून एक सलग माणूस नसतो. देशाला लाभ झाला असे कोणी म्हटले, तर त्यातल्या कोणाला झाला आणि कोणी भरला, हे विचारावे लागते.

मागच्या रांगेतल्या त्या बाईने हेच विचारले होते. पदवी नव्हती, एवढेच.

मग मी ढोबळ हिशेब मांडला. नमुन्याची चादर वजनात सव्वा किलोच्या आतबाहेर भरली. कापसातून साधारण तृतीयांश रुई निघते. सूतगिरणीतली घट धरली तर एका चादरीमागे चार किलो कापूस. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, म्हणजे चार किलोंचे सव्वातीनशेच्या घरात. त्यातली सरकी तेलाला आणि ढेपेला जाते, तिचे पैसे वजा करायचे. वेचणीचा दर किलोला दहा-बारा रुपये धरला, तर त्या बाईच्या हाताला चादरीमागे चाळीस-पन्नास रुपये. आणि हे सगळे हमीभाव पदरात पडला तर! ओलावा बारा टक्क्यांवर गेला की खरेदी केंद्रावर कापूस परत, आणि गरजवंत माणूस वाहतुकीचे भाडे भरून गाडी घरी नेत नाही. दारात आलेल्या व्यापाऱ्याला तो म्हणेल त्या दराने देतो.

आता याच वर्षातल्या दोन तारखा पाहा. १५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून देशाच्या पंतप्रधानांनी स्वदेशीचे आवाहन केले, दुकानदारांनी स्वदेशी मालाच्या पाट्या लावाव्यात असे सांगितले. १९ ऑगस्टपासून कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क शून्य झाले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, नंतर मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपल्याकडे सीतादही होऊन पहिली वेचणी घरात यावी, नेमक्या त्या महिन्यांत. गिरण्यांची अडचण खोटी नव्हती. अमेरिकेने २७ ऑगस्टपासून आपल्या मालावरचा कर पन्नास टक्क्यांवर नेला होता, आणि कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतला कामगारही आपल्यासारखाच हातावर पोट असलेला आहे. त्याला वाचवू नये असे कोण म्हणेल? परंतु त्याला वाचवण्याची किंमत कोणी भरायची ठरली, ते बघा. गिऱ्हाइकाने देशप्रेमापोटी महाग माल घ्यावा आणि गिरणीने मात्र जगात जेथे स्वस्त मिळेल तेथून कापूस आणावा, अशी ही स्वदेशी. तिच्यात शेतकरी दोन्हीकडून देतो; विकताना कमी घेतो, घेताना जास्त मोजतो.

हे सारे मी पुढच्या बैठकीत मांडले. अधीक्षक म्हणाले, "मग सर, ब्लँकेटच घेऊ?" त्यांचे म्हणणे सरळ होते. ब्लँकेट हलके, धुतले की तासाभरात वाळते. पावसाळ्यात सुती चादरी चार दिवस ओल्या राहतात आणि त्यांचा वास खोलीभर पसरतो. हे खरे आहे. येथे मला माझी एक जुनी चूकही कबूल केली पाहिजे. सुमारे बारा वर्षांपूर्वी माझ्याच आग्रहावरून शाळेने 'सोलापुरी' म्हणून एका दुकानातून चादरी घेतल्या होत्या. पहिल्याच धुण्यात रंग गेला, दुसऱ्या हिवाळ्यात मधोमध विरल्या. त्या सोलापूरच्या नव्हत्याच, नक्कल होती. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तिची नक्कल बाजारात सर्रास मिळते, हे मला ठाऊक असायला हवे होते. लेबल वाचून मी स्वदेशीचे पुण्य विकत घेतले आणि थंडी मुलांनी सोसली. ज्या माजी विद्यार्थ्यांनी ते दोन हिवाळे येथे काढले, त्यांची मी या निमित्ताने क्षमा मागतो.

आणखी एक. आपल्या विज्ञान प्रयोगशाळेतले सूक्ष्मदर्शक चीनचे आहेत. देशी बनावटीचा जो नमुना आम्ही पाहिला होता, त्याच्या किमतीत हे तीन आले. एकाच्या जागी तीन बाकांवर मुले अमिबा पाहतात. ज्या समाजाला दोन-तीन पिढ्यांपूर्वी पाटीला हात लावू दिला जात नव्हता, त्याच्या मुलाला स्वदेशीखातर सूक्ष्मदर्शकाविना ठेवणे मला पाप वाटते. बाबासाहेबांनी ज्ञान न्यूयॉर्क-लंडनहून आणले. आपल्या विहारातल्या कितीतरी बुद्धमूर्ती थायलंडहून आल्या आहेत आणि कामठीचे ड्रॅगन पॅलेस जपानी उपासकांच्या दानातून उभे राहिले. परके म्हणून वर्ज्य, हा विचार आपल्या परंपरेत बसत नाही. उपासकाने कोणते व्यापार करू नयेत हे सांगताना तथागतांनी शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष ही पाच नावे घेतली. ज्याने कोणाचे तरी जीवन नासते, तो धंदा वाईट. माल कोणत्या राज्यातला, हे त्यांनी विचारलेले नाही.

शेवटी ठरले ते असे. दुकानात न जाता आम्ही दोघे शिक्षक सोलापूरला गेलो. तेथे कित्येक मागांवर मूळचे तेलंगणातले पद्मशाली लोक बसतात. आपल्या सीमेवरची तेलुगू थोडीफार येत असल्याने बोलणे सोपे गेले. एका मागवाल्याकडून प्रत्यक्ष विणताना पाहून चादरी घेतल्या, ४७० रुपयांप्रमाणे. ५८० मधले ११० रुपये माग आणि आपले दुकान यांच्या मध्येच कोठेतरी राहत होते. मी मागवाल्याला विचारले, हे सूत कोणत्या कापसाचे? तो हसला. सूत बाजारातून येते, कोणत्या शेतातून आले ते सूत सांगत नाही, म्हणाला. सभेत मी 'आपल्याच कापसाची चादर' असे छातीठोकपणे म्हणालो होतो. ते सिद्ध करण्याचा काही मार्ग माझ्याजवळ नाही. मागावर बसलेल्या माणसाला मी पाहिले आणि पैसे त्याच्या मालकाच्या हाती दिले. मालक त्याला किती देतो, तेही मी पुरते जाणत नाही.

उरलेला फरक, २४,७८० रुपये, पालकांच्या वर्गणीत घालायचा नाही असा मी आग्रह धरला. नोकरीत असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी तो भरला. महाग घ्यायचे तर ज्याच्या खिशाला झेपते त्याने घ्यावे. ज्याने कापूस वेचला त्याच्याकडून दुसऱ्यांदा वसूल करू नये. एवढ्यापुरते तरी मला त्या बाईला उत्तर देता आले.

विनयपिटकात आनंदांची एक कथा आहे. राजा उदयनाच्या राण्यांनी त्यांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला वाटले, श्रमण इतक्या वस्त्रांचे दुकान मांडणार काय? त्याने विचारले, तेव्हा आनंदांनी सांगितले: ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना ती देऊ. जुन्या चीवरांची अंथरुणे करू, जुन्या अंथरुणांच्या बैठका, जुन्या बैठकांची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी, आणि फडकी कुटून मातीत कालवून जमीन लिंपू. सुती वस्त्राचे असे होऊ शकते. आपल्या स्वयंपाकघरातली पोतेरी पाहिलीत तर सोलापूरची जुनी नक्षी अजून ओळखू येते. जुनी ब्लँकेटे मात्र गोळे होऊन कोठीच्या कोपऱ्यात पडली आहेत. जाळावी तर धूर काळा येतो.

जानेवारीत ती आई मुलीला भेटायला आली, तेव्हा मी मुद्दाम चादर दाखवली. यात तुमचा चार किलो कापूस आहे, असे सांगितले. तिने घडी हातावर तोलली, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "चार किलो? सरकी काढली का नाई मंग, सर?" आणि मुलीच्या अंथरुणावर ती नीट घालून शेवटच्या बसला निघून गेली.