तासावरची सायकल आणि उघडी वही

बारामतीत बसून न्यूयॉर्कच्या एखाद्या चौकात या घडीला किती भाड्याच्या सायकली उभ्या आहेत हे सांगता येतं. त्यासाठी एका ओळीचा कोड पुरतो. आर या प्रोग्रामिंग भाषेत ‘जीबीएफएस’ नावाचं पॅकेज आहे. त्यातल्या ‘गेट स्टेशन स्टेटस’ या फंक्शनला शहराच्या फीडचा पत्ता दिला की तक्ता हातात येतो: कोणत्या थांब्यावर किती सायकली, किती जागा रिकाम्या, ही खबर शेवटची कधी आली. थांब्याचं नाव आणि अक्षांश-रेखांश वेगळ्या फाइलमध्ये असतात. थांब्याच्या क्रमांकावरून दोन्ही तक्ते जोडायचे. तिथल्या ‘सिटी बाइक’ची ही फीड बघायला पासवर्ड लागत नाही, अर्जही नाही.

जीबीएफएस हा अशी माहिती मांडायचा खुला नमुना. 2015 साली उत्तर अमेरिकेतल्या बाइकशेअर संघटनेनं तो स्वीकारला. सगळ्यांची मांडणी सारखी असल्यामुळे पत्ता बदलला की तोच कोड दुसऱ्या शहरालाही चालतो.

मला हे ओळखीचं वाटतं. इंदापुरात माझ्या मामूंच्या दुकानात तासावर सायकल मिळायची. खिळ्याला वही टांगलेली असे: नाव, सायकलचा नंबर, नेल्याची वेळ. मामू म्हणायचे, “वही दोघांची असते. देणाऱ्याची आणि नेणाऱ्याचीही.” कुराणातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकरामधली 282वी, मुदतीची उधारी लिहून ठेवायला सांगते. मामू तिचाच दाखला देत.

पण वहीत माणसाचं नाव होतं, फीडमध्ये ते नसतं. रस्त्यात कुठेही सोडता येणाऱ्या सायकलींचा क्रमांक प्रत्येक फेरीनंतर बदलावा, असं या नमुन्याची दुसरी आवृत्ती सांगते. म्हणजे कोण कुठून कुठे गेलं याचा माग काढणं अवघड होतं. हिशेब सेवेचा द्यायचा, माणसाचा नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

फीडला कालचं काही आठवत नाही, ती फक्त आत्ताचं सांगते. नवी माहिती किती सेकंदांनी येईल हेही तिच्यात लिहिलेलं असतं. तेवढं थांबून फंक्शन पुन्हा चालवायचं आणि प्रत्येक तक्ता वेळेसकट साठवायचा. मगच त्याची वही होते.

पुण्यात डिसेंबर 2017 मध्ये औंधला अशा सायकली आल्या. पुढच्या वर्षी आणखी कंपन्या आल्या. प्रत्येकीचं ॲप निराळं, त्यात दिसायच्या तिच्याच सायकली. मग त्या हळूहळू दिसेनाशा झाल्या. कुणी म्हणतं तोडफोड झाली, कुणी म्हणतं लोकांनाच नको होत्या. अशा वादात सकाळी कोणता थांबा रिकामा पडत होता आणि कुठे सायकली दिवसभर पडून होत्या, हे सांगणारी नोंद लागते.

उद्या बारामतीत एसटी स्टँडपासून एमआयडीसीपर्यंत किंवा इंदापूर शहरात नगरपरिषदेनं अशा सायकली आणल्या, तर करारात एक ओळ हवी: फीड सर्वांना खुली राहील. रस्ता लोकांचा, थांब्याची जागा लोकांची, तर वहीही लोकांची. म्हणजे “आमच्या थांब्यावर सायकलच नसते” असं सांगायला नगरपरिषदेत गेलेल्या मुलीच्या हातात आठवडाभराचा तक्ता असेल.